डीपग्रीन लेनवरील घर : लेव्हिटटाऊन, १९५७ — एक प्रकरण अभ्यास

१३ ऑगस्ट १९५७ रोजी बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाऊन या वसाहतीत, डॉगवुड हॉलो विभागातील डीपग्रीन लेनवर, विकत घेतलेल्या घरी राहायला आले. सुमारे साठ हजार लोकवस्तीच्या त्या वसाहतीत तोवर एकही कृष्णवर्णीय कुटुंब नव्हते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यांच्या दारासमोर जे घडले, ते अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतल्या वर्णद्वेषाचे उदाहरण म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. मात्र त्या सांगण्यात बहुधा जमावाचा द्वेष आणि कुटुंबाचे धैर्य या दोनच गोष्टी उरतात. प्रस्तुत अभ्यासाचा रोख वेगळा आहे. बहुसंख्य गोऱ्या वस्तीत घर घ्यावे की घेऊ नये, हे ठरवताना त्या कुटुंबाला काय माहीत होते, काय माहीत असणे शक्यच नव्हते आणि प्रत्यक्षात निकाल कशामुळे लागला, एवढेच येथे तपासायचे आहे.

वसाहत गोरी कशी झाली

लेव्हिटटाऊन हे हळूहळू वाढलेले गाव नव्हते. लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७ पासून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर पहिले लेव्हिटटाऊन उभारले आणि १९५२ पासून पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत, डेलावेअर नदीलगतच्या शेतजमिनीवर, दुसरे उभारायला घेतले. यू. एस. स्टील कंपनीचा फेअरलेस हा प्रचंड कारखाना शेजारीच सुरू होत होता आणि त्यातील कामगारांना परवडणारी घरे हवी होती. १९५८ पर्यंत येथे १७,३११ घरे बांधून झाली. वसाहतीचे विभाग पाडलेले होते आणि एका विभागातील सर्व रस्त्यांची नावे त्या विभागाच्याच आद्याक्षराने सुरू होत. डॉगवुड हॉलो विभागात डीपग्रीन लेन आणि डार्कलीफ लेन, अशी. पत्ता ऐकताच विभाग कळावा इतकी ही आखणी काटेकोर होती, आणि घर कोणाला विकायचे नाही हेही तितक्याच काटेकोरपणे ठरलेले होते.

कंपनीचे प्रमुख विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होते. आपल्या मनात वर्णद्वेषाला जागा नाही, असे ते सांगत. पण एक घर कृष्णवर्णीयाला विकले तर शंभरातील नव्वद-पंचाण्णव गोरे ग्राहक घर घेणार नाहीत, आणि घरांचा प्रश्न व वर्णाचा प्रश्न असे दोन्ही प्रश्न कंपनी एकदम सोडवू शकत नाही, अशी त्यांची जाहीर भूमिका होती. या युक्तिवादात दोष ग्राहकांच्या माथी जातो आणि कंपनी हिशेब सांभाळणारी तेवढी उरते. वस्तुस्थिती एवढी साधी नव्हती. लाँग आयलंडच्या वसाहतीतील सुरुवातीच्या भाडेकरारांत घर गोऱ्यांखेरीज इतरांना वापरू देऊ नये, असे कलम छापलेले होते, आणि ते ग्राहकांनी घातलेले नव्हते.

त्याहून महत्त्वाचा वाटा सरकारचा होता. १९३४ मध्ये स्थापन झालेली फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा गृहकर्जांना विमासंरक्षण देत असे, आणि तिच्या मार्गदर्शक नियमांनुसार एकाच वर्णाची वस्ती हे सुरक्षित कर्जाचे लक्षण मानले जाई. वर्णावर आधारलेले विक्रीबंदीचे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. १९५० पासून अशा नव्या करारांच्या घरांना विमा देणे यंत्रणेने थांबवले, परंतु बिल्डरने तोंडीच नकार दिला तर त्याला अडवणारे काही नव्हते. कृष्णवर्णीय माजी सैनिकांनी लेव्हिट कंपनीवर आणि तिला पाठबळ देणाऱ्या सरकारी यंत्रणांवर खटला भरला, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील फेडरल न्यायालयाने १९५५ मध्ये तो फेटाळला. भेदभाव रोखण्याचे कर्तव्य काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, या यंत्रणांवर सोपवलेले नाही, असा त्याचा आधार होता.

म्हणजे पुढचा दरवाजा बंद होता. तरीही एक फट उरली होती : कंपनीकडून घर घेतलेला मूळ मालक ते पुढे कोणालाही विकू शकत होता.

कुटुंब आणि त्याचा हिशेब

बिल मायर्स मूळचे पेनसिल्व्हेनियातील यॉर्कचे. ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, आणि आता नदीपलीकडे न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे तांत्रिक नोकरीत स्थिरावले होते. डेझी मायर्स व्हर्जिनियातील रिचमंडच्या. दोघांची ओळख हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या नामांकित शिक्षणसंस्थेत झाली. लेव्हिटटाऊनला लागूनच असलेल्या ब्लूम्सडेल गार्डन्स या मिश्र वस्तीत ते राहत होते. दोन मुलगे होते, त्यात नुकतीच एक मुलगी झाली होती आणि घर अपुरे पडत होते. लेव्हिटटाऊनमध्ये तीन निजायच्या खोल्या, अंगण, शाळा, पोहण्याचे तलाव आणि नोकरीचे अंतर जवळपास तेवढेच. किंमत १२,१५० डॉलर. त्या पैशांत त्या परिसरात याहून चांगले काही मिळणे कठीण होते. (नदीच्या पलीकडे प्रिन्स्टन-एडिसनच्या टापूत आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. शाळा, अंतर आणि हप्ता हा घर निवडण्याचा हिशेब त्यांना वेगळा सांगायला नको.)

हे घर विक्रीस आहे ही माहिती त्यांना शेजारच्या घरातूनच मिळाली. तेथे लुईस आणि बी वेक्सलर हे ज्यू दांपत्य राहत होते. वांशिक समतेसाठी झटणाऱ्या परिसरातील लोकांशी, विशेषतः क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांशी, त्यांचा संबंध होता, आणि या वसाहतीत एखादे कृष्णवर्णीय कुटुंब यावे अशी या मंडळींची इच्छा होती. म्हणून हा व्यवहार पूर्णपणे खासगी होता असे म्हणता येत नाही. परंतु मायर्स कुटुंबाला कोणी प्याद्यासारखे पुढे सरकवले, हा विरोधकांचा त्या काळातील आरोपही टिकत नाही. जागेची अडचण खरी होती, पैसे त्यांचे होते आणि धोका त्यांच्याच मुलांना होता. अशा कुटुंबाने तत्त्वासाठी घर घेतले की सोयीसाठी, हा प्रश्न मला मुळात चुकीचा वाटतो. गोऱ्या खरेदीदाराला सोय पाहताना तत्त्वाचा विचार करावा लागत नव्हता, आणि फरक होता तो एवढाच.

पहिला अडथळा कर्जाचा आला. सरकारी विम्याचे सोपे कर्ज, ज्यावर सारी लेव्हिटटाऊन उभी होती, ते त्यांच्यासाठी खुले नव्हते. शेवटी न्यूयॉर्कमधील एका दानशूर गृहस्थाने खासगी कर्ज दिले. निर्णयाच्या दृष्टीने ही बाब बारीक वाटली तरी तिच्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, माजी सैनिक, पदवीधर, पक्की नोकरी हे सारे हाताशी असूनही बाजाराचा नेहमीचा रस्ता बंद होता, आणि म्हणून अशी खरेदी फारच थोडी कुटुंबे करू शकत. दुसरी, घर मिळण्यापूर्वीच एक छोटे पण विश्वासू वर्तुळ तयार झाले होते. पुढे हेच वर्तुळ उपयोगी पडले.

निर्णयाच्या वेळी त्यांच्याजवळ असलेल्या माहितीची मांडणी केली, तर किंमत, जागा, अंतर, शेजारचे एक खात्रीचे घर आणि वसाहतीतील काही सहानुभूतीदार माणसे या बाजूला फारसे काही चुकलेले दिसत नाही. काही लोक नाखूश होतील, बोलणार नाहीत, कदाचित त्रास देतील, हेही उघड होते. हिशेबात बसवता न येणारी बाब एकच होती : त्रास सुरू झाला तर पोलीस काय करतील?

ऑगस्ट ते ऑक्टोबर

कुटुंब आल्याची बातमी टपालवाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याने दारोदार ओरडून पसरवली. हा केंद्र सरकारच्या टपालखात्याचा माणूस होता, याची नोंद येथे मुद्दाम करायला हवी. त्याच संध्याकाळपासून घरासमोर गर्दी जमू लागली. रात्र होईतो ती शेकड्यांत गेली, दगड आले आणि घराची मोठी दर्शनी काच फुटली. गर्दी रोज संध्याकाळी जमे, कधी सहाशेपर्यंतही जाई, आणि रात्री पांगे. त्यात घरी जेवण आटोपून मुलाबाळांसह आलेली कुटुंबेही असत.

लेव्हिटटाऊनला स्वतःची नगरपालिका नव्हती. ही एक वसाहत चार वेगवेगळ्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत विभागलेली होती. डॉगवुड हॉलो ब्रिस्टल टाउनशिपमध्ये येत असे. तेथील पोलीसबळ तुटपुंजे होते, हे खरे. पण इच्छाशक्ती त्याहून तुटपुंजी होती. चोवीस तास पहारा देणे परवडणार नाही, असे उत्तर कुटुंबाला मिळाले. काही पोलीस जमावाशी हास्यविनोद करत उभे असत. काउंटीच्या शेरीफने राज्य पोलिसांची मदत मागितली आणि गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी ती पाठवली. २० ऑगस्टच्या रात्री स्थानिक पोलीसदलातील एका सार्जंटला दगड लागून तो बेशुद्ध पडला. त्यानंतर राज्य पोलिसांनी जमाव कडकपणे पांगवला आणि घरासमोरच्या मोठ्या गर्द्या थांबल्या. दगड आठवडाभर एका कुटुंबाच्या घरावर पडत होते, तोवर हे जमले नव्हते. एक दगड पोलिसाला लागताच एका रात्रीत जमले. या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा माझ्या मते हाच आहे.

राज्य पोलीस निघून गेल्यावर त्रासाचे स्वरूप बदलले, आणि हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा अधिक कसोटीचा होता. मायर्स यांच्या घरामागचे एक रिकामे घर विरोधकांनी बैठकीची जागा म्हणून वापरायला घेतले. त्यावर दक्षिणेतील बंडखोर राज्यांचा कॉन्फेडरेट झेंडा लावला गेला आणि गुलामीच्या काळाची आठवण देणारी गाणी रात्री मोठ्या आवाजात वाजू लागली. दूरध्वनीवरून धमक्या येत. वेक्सलर यांच्या घराच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेची अक्षरे रंगवली गेली आणि त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला. येथे लक्ष्य मुख्यतः गोरा शेजारी होता. कृष्णवर्णीय कुटुंब जाईल तेव्हा जाईल, पण त्याला साथ देणाऱ्या गोऱ्याला आधी एकटे पाडावे, ही पद्धत पुरेशी विचारपूर्वक निवडलेली दिसते. याच काळात घराला खरेदीपेक्षा बरीच जास्त किंमत देऊन ते परत विकत घेण्याचा प्रस्तावही कुटुंबापुढे ठेवण्यात आला. मायर्स यांनी तो नाकारला.

दुसरी बाजूही होती, आणि तिला शोभेपुरते उल्लेखणे योग्य होणार नाही. काही शेजारी अन्न घेऊन आले, काहींनी घरकामाला हात लावला, क्वेकर आणि इतर स्वयंसेवक रात्री घरात बसून राहिले. रे हार्विक या धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने वसाहतीतील गोऱ्या रहिवाशांची एक नागरिक समिती स्थापन झाली आणि विरोधकांची समिती म्हणजे सारी वसाहत नव्हे, हे तिने जाहीरपणे मांडले. साठ हजारांच्या वस्तीत दगड मारणारे काहीशे आणि उघड साथ देणारे त्याहून कमी. उरलेले हजारो लोक पडद्याआडून पाहत होते. कोणती बाजू जिंकते आहे हे पाहून त्यांचे मत ठरणार होते, आणि म्हणूनच सरकारच्या वागण्याला एवढे महत्त्व आले.

ऑक्टोबरमध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल टॉमस मॅकब्राइड यांनी विरोधकांच्या म्होरक्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. कुटुंबाला हुसकावून लावण्यासाठी संगनमत करून छळ चालला आहे, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. बक्स काउंटीच्या न्यायालयाने त्याच महिन्यात तात्पुरता मनाईहुकूम दिला आणि ऑगस्ट १९५८ मध्ये तो कायम केला. नावे घेऊन हुकूम निघताच मागच्या घरातला गोंधळ आणि रात्रीचे प्रकार थांबले. म्होरके तेच होते आणि त्यांची मतेही तीच होती. पुन्हा तसे वागलो तर न्यायालयाची बेअदबी होईल, एवढीच भर पडली होती.

सप्टेंबर १९५७ मध्येच आर्कान्सॉच्या लिटल रॉकमध्ये गव्हर्नर फॉबस यांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ न देण्यासाठी नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्य उभे केले आणि अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. उत्तरेतील वाचकांना दक्षिणेकडे बोट दाखवणे सोपे गेले. परंतु दोन्ही ठिकाणचा फरक लोकांच्या मनांत शोधण्यापेक्षा दोन गव्हर्नरांच्या निर्णयांत शोधणे अधिक योग्य ठरेल.

घरांच्या किमतींचा प्रश्न

विरोधकांपैकी अनेकजण आपण वर्णद्वेषी नाही, आपल्याला फक्त घराच्या किमतीची काळजी आहे, असे म्हणत. हा दावा ढोंग म्हणून झटकून टाकता येत नाही. कारखान्यात राबून हप्ते फेडणाऱ्या माणसाची एकुलती एक मालमत्ता ते घर होते, आणि वस्ती मिश्र झाली की किमती पडतात, हे त्याला बँका, दलाल आणि खुद्द सरकारी नियम सांगत आले होते. लुईजी लॉरेंटी या अर्थतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फिया येथील विक्रीच्या नोंदी तपासून १९६० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मिश्र होत असलेल्या वस्त्यांची तुलना तशाच पण पूर्ण गोऱ्या राहिलेल्या वस्त्यांशी केली होती. सुमारे ४४ टक्के तुलनांत मिश्र वस्तीतील किमती अधिक राहिल्या, ४१ टक्क्यांत फारसा फरक पडला नाही आणि १५ टक्क्यांत त्या कमी राहिल्या. फिलाडेल्फिया हे लेव्हिटटाऊनचे जवळचे महानगर, म्हणून हा पुरावा दूरचा नव्हता. तो तीन वर्षे उशिरा आला, एवढेच. तो वेळेवर येता तर जमाव पांगला असता, असे मात्र मी म्हणणार नाही. भीती कितपत खरी आहे यापेक्षा घाबरून विकणाऱ्यांची संख्या किती, यावर किमती अवलंबून असतात, आणि त्या भीतीवर पोट भरणारे दलाल तेव्हा पुष्कळ होते.

दुसरे मार्ग

बक्स काउंटीतच, लेव्हिटटाऊनपासून फार दूर नसलेल्या ट्रेव्होज येथे, मॉरिस मिल्ग्रॅम या बिल्डरने १९५४ पासून काँकॉर्ड पार्क ही १३९ घरांची वसाहत मुद्दाम मिश्र ठेवून विकली. गोरी कुटुंबे निघून जाऊ नयेत म्हणून त्याने ५५ टक्के गोरे आणि ४५ टक्के कृष्णवर्णीय असे प्रमाण ठरवले होते. येथे दंगल झाली नाही, कारण घर घेणारा प्रत्येकजण शेजारी कोण असणार हे जाणून आला होता. पण या पद्धतीची किंमत पुन्हा कृष्णवर्णीय खरेदीदारांनीच मोजली : ४५ टक्क्यांची मर्यादा गाठली की पुढच्या इच्छुकाला नकार मिळे. पहिले आणि एकटे कुटुंब म्हणून जाण्याचा धोका टाळायचा, तर रांगेत उभे राहायचे, असा हा पर्याय होता.

खुद्द लेव्हिटटाऊनमध्ये १९५८ साली दुसरे कृष्णवर्णीय कुटुंब आले. त्यांच्या दारात जमाव जमला नाही. तोवर न्यायालयाचा मनाईहुकूम सर्वांना ठाऊक झाला होता.

तिसरे लेव्हिटटाऊन न्यू जर्सीत, आज विलिंगबरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, १९५८ पासून उभे राहिले. तेथील राज्याच्या कायद्यानुसार सरकारी मदतीच्या घरांत भेदभाव करता येत नव्हता. लेव्हिट यांनी न्यायालयात झुंज दिली, १९६० मध्ये ते हरले आणि कृष्णवर्णीयांना थेट घरे विकू लागले. नव्वद टक्के ग्राहक पळतील, हे भाकीत खरे ठरले नाही, वसाहत भरली. अडचण नंतर आली. पुढील काळात दलालांच्या चिथावणीने गोरी कुटुंबे घरे विकू लागली, तेव्हा ही घबराट आवरण्यासाठी नगरपरिषदेने दारावर ‘विकणे आहे’ अशा पाट्या लावण्यास बंदी घातली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे ती बंदी रद्द केली. आज विलिंगबरोमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, तर पेनसिल्व्हेनियाचे लेव्हिटटाऊन अजूनही प्रामुख्याने गोरे आहे. त्यामुळे पहिले कुटुंब शांतपणे राहू शकले म्हणजे वस्ती मिश्र झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

निर्णयाचे मूल्यमापन

मायर्स कुटुंब लेव्हिटटाऊनमध्ये १९६१ पर्यंत राहिले आणि पुढे यॉर्क येथे स्थायिक झाले. घरांच्या विक्रीतील भेदभावाला बंदी करणारा पेनसिल्व्हेनियाचा कायदा त्याच वर्षी आला. देशभरासाठीचा फेअर हाउसिंग कायदा १९६८ मध्ये. यॉर्कमध्ये डेझी मायर्स शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका झाल्या. बिल मायर्स १९८७ मध्ये वारले. १९९९ मध्ये ब्रिस्टल टाउनशिपच्या महापौरांनी डेझी यांना बोलावून जाहीर माफी मागितली. त्या २०११ मध्ये वारल्या.

चार वर्षांनी ते गेले, म्हणून निर्णय फसला, असे काही लिखाणांत सूचित केले जाते. मला हे मान्य नाही. हुसकावण्याचा प्रयत्न १९५७ मध्ये झाला आणि तो अपयशी ठरला. १९६१ मध्ये ते कोणाच्या दगडामुळे गेले नाहीत. मात्र निर्णय बरोबर होता, म्हणून त्याची किंमत वाजवी होती, असेही नव्हे. तान्ह्या मुलीसह दोन महिने रात्री जागून काढायला लागणे हा घराच्या किमतीचा भाग कोणत्याही करारपत्रात लिहिलेला नव्हता, आणि त्यातील बहुतेक रात्री टाळता आल्या असत्या. मनाईहुकूमासाठी लागणारा कायदा ऑगस्टमध्येही तोच होता, नावे ऑगस्टमध्येही माहीत होती आणि राज्य पोलिसांची काठी काय करू शकते हे २० ऑगस्टलाच दिसले होते. उणीव होती ती पहिल्याच संध्याकाळी अर्ज करणाऱ्या सरकारी वकिलाची. म्हणूनच अशा निर्णयासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाला शेजारी कसे आहेत, हा प्रश्न जेवढा विचारावा लागतो, त्याहून अधिक अगत्याने त्या हद्दीतील पोलीसप्रमुख कोण, त्याला आदेश कोण देतो आणि पहिल्या तक्रारीनंतर किती वेळात माणूस येतो, हे विचारावे लागते. या प्रश्नांची उत्तरे मायर्स दांपत्याला १९५७ मध्ये कोणीही देऊ शकले नसते, कारण ब्रिस्टल टाउनशिपने ती तोवर स्वतःलाही दिलेली नव्हती.